बुद्धिबळ शंका-समाधान : आणखी कोणती चाल?

मागच्या कोड्याबद्दल आलेली बहुतेक पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात. चाल सुचते, पण ती पक्की करण्याआधी दुसरी कोणती चाल तोलायची आणि किती तोलायची, हे कळत नाही. म्हणून या वेळी फक्त ‘उमेदवार चालीं’बद्दलच्या शंका घेतल्या आहेत. एखाद्या स्थितीत ज्या दोन-चार चालींचा विचार करणे योग्य, त्या उमेदवार चाली. वाचताना पट जवळ ठेवावा. उभ्या पट्ट्यांना नेहमीप्रमाणे ए ते एच आणि आडव्या पट्ट्यांना १ ते ८ म्हटले आहे.

शंका : शहाची चाल आधी पाहावी असे आमचे सर सांगतात. म्हणून मागच्या कोड्यात मी वजीर बी१ असा शह दिला. उत्तर चूक निघाले. शह देणे चूक कसे?
— इयत्ता आठवीतील विद्यार्थी, नाशिक

समाधान : तुझ्या सरांचे अगदी बरोबर आहे. शह आधी *पाहावा*. पाहिलेला प्रत्येक शह खेळावा, असे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.

स्थिती पुन्हा मांड. पांढरा : राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी३, प्यादी ए२, ई३, एफ२, जी२, एच२. काळा : राजा जी८, वजीर बी६, हत्ती डी८, प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. खेळी काळ्याची. १९१४ साली मॉस्कोत ओसिप बर्नस्टाइन आणि होझे राउल कापाब्लांका यांच्यात झालेल्या डावातली ही २९वी खेळी आहे. काळी मोहरी कापाब्लांकाकडे आहेत आणि तो एका प्याद्याने मागे आहे.

आता यादी करू. काळ्याला दोनच शह आहेत : हत्ती डी१ आणि वजीर बी१. मारण्याजोगे एकच प्यादे आहे, ई३चे. धमकीच्या चालींत वजीर ए५, वजीर एफ६ आणि वजीर बी२ या तिन्ही सी३च्या हत्तीवर चालून जातात.

हत्ती डी१ शहाला वजीर डी१वर मारतो आणि हत्ती फुकट जातो. ई३चे प्यादे मारले तर वजीरच जातो. वजीर ए५ किंवा एफ६ला पांढरा हत्ती शांतपणे सी१वर नेतो आणि एक प्यादे जास्त राखून खेळत राहतो. उरल्या दोन चाली.

तुझ्या वजीर बी१ शहाला पांढरा ३० वजीर एफ१ खेळतो. आता ए२चे प्यादे मारून बळ समान करता येते, पण डाव तिथून पुढे लांब चालतो. काही जण वजिरावजिरी करून ३१...हत्ती डी१ शह देतात. तेव्हा पांढरा राजा ई२वर येतो आणि धोका टळतो. घाईने ३०...हत्ती डी१ खेळलास तर मात्र ३१ हत्ती सी८ शह, हत्ती डी८, ३२ हत्तीने हत्ती आणि मात तुझ्यावरच! पांढऱ्या राजाप्रमाणे काळा राजाही आपल्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला आहे, हे या कोड्यातले अर्धे मर्म आहे.

म्हणजे तुझा शह डाव हरवणारा नाही, पण जिंकणाराही नाही. तू यादीतल्या दुसऱ्याच नावाशी थांबलास. जिंकणारी चाल यादीच्या शेवटी होती : २९...वजीर बी२!! ती बहुतेकांच्या यादीत येतच नाही, कारण त्या घरात वजीर सरळ मारला जातो आणि मन ती चाल न तपासताच बाद करते. यादी करताना कोणतीही चाल ‘असे कुठे असते का’ म्हणून खोडू नकोस. खोडायची ती तपासून खोड.

शंका : वजीर बी२ ही चाल मी लगेच ओळखली. वजिराने वजीर मारला की हत्ती डी१ने मात. इतके लिहिले तर उत्तर पूर्ण धरावे की नाही?
— एक अभियंता, पुणे

समाधान : चाल ओळखलीत, याबद्दल अभिनंदन. उत्तर मात्र पूर्ण नाही. आपण प्रतिस्पर्ध्याला एकच उत्तर दिले आहे, तेही त्याचे सर्वांत वाईट. समोरच्याच्या उमेदवार चालींची यादी आपल्याइतक्याच प्रामाणिकपणे करणे, हा कोडे सोडवण्याचा निम्मा भाग आहे.

बी२वरचा वजीर एकाच वेळी ई२चा वजीर आणि आधार नसलेला सी३चा हत्ती या दोघांवर नजर ठेवतो. पांढऱ्याकडे तपासण्याजोग्या चार चाली आहेत.

पहिली, ३० वजिराने वजीर. हत्ती डी१, मात. ही आपण दिलीत.

दुसरी, ३० वजीर ई१. हा बचाव पहिली पट्टीही राखतो आणि सी३च्या हत्तीलाही आधार देतो. पण एका मोहऱ्यावर दोन कामे पडली की एक काम सुटते : ३०...वजिराने हत्ती! ३१ वजिराने वजीर, हत्ती डी१ शह, ३२ वजीर ई१, हत्तीने वजीर आणि मात.

तिसरी, ३० हत्ती सी२. आता ३०...वजीर बी१ शह, ३१ वजीर एफ१, वजिराने सी२चा हत्ती. नाशिकच्या विद्यार्थ्याचा शह इथे कामी येतो. एका खेळीवर निरुपयोगी ठरलेली चाल पुढच्या खेळीवर डाव जिंकून देते, म्हणून बाद केलेल्या चाली विसरायच्या नसतात.

चौथी, ३० हत्ती सी८. सर्वांत कठीण हीच, आणि बहुतेक उत्तरांत ती नव्हती. पांढऱ्याने उलट हल्ला केला आहे. काळ्याला मोह होतो ३०...वजिराने वजीर मारण्याचा. मग ३१ हत्तीने डी८चा हत्ती आणि मात. काळ्या वजिराला ई८वर येऊन मधे पडता येत नाही, कारण ई३चे प्यादे त्याची वाट अडवते. दुसरा मोह ३०...हत्तीने हत्ती मारण्याचा. मग ३१ वजिराने वजीर, आणि ३१...हत्ती सी१ शहालाही वजीर सी१वर येऊन हत्ती मारतो. दोन्ही ‘उघड’ चाली काळ्याला हरवतात. अचूक क्रम असा : ३०...वजीर बी१ शह! ३१ वजीर एफ१, वजिराने वजीर शह, ३२ राजाने वजीर, हत्तीने सी८चा हत्ती. काळ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त.

बर्नस्टाइनने वजीर बी२ पाहताच डाव सोडला. त्याने या चारही वाटा पाहिल्या असणार, म्हणूनच सोडला. कोडे सोडवणाऱ्यानेही त्या पाहिल्या की मगच लेखणी खाली ठेवावी.

शंका : मोबाइलवर मी रोज कोडी सोडवतो आणि तिथले माझे गुणांकनही चांगले आहे. स्पर्धेत पटावर बसलो की मात्र तसल्याच युक्त्या दिसत नाहीत. काय चुकते?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, ठाणे

समाधान : कोडे समोर आले की एक गोष्ट फुकट कळलेली असते : इथे काहीतरी आहे. त्यामुळे आपण बलिदानाच्या चाली शोधू लागतो. प्रत्यक्ष डावात हा इशारा कोणी देत नाही. शिवाय कोड्यात आपण नेहमी जिंकणाऱ्या बाजूला बसतो, डावात निम्म्या वेळी दुसऱ्या बाजूला.

म्हणून आता हाच डाव उलट बाजूने पाहू. बर्नस्टाइन त्या काळातला नामांकित खेळाडू, पेशाने वकील. २६व्या खेळीनंतर काळ्याचे एक पुढे आलेले प्यादे सी३वर होते आणि बर्नस्टाइनचा घोडा बी५वर. ते प्यादे मारावे का, हा प्रश्न होता. हिशेब साधा दिसतो : घोड्याने प्यादे, घोड्याने घोडा, हत्तीने घोडा, हत्तीने हत्ती, हत्तीने हत्ती. अखेरीस बळ मोजले तर पांढऱ्याला एक प्यादे फायदा. त्याने २७ घोड्याने सी३चे प्यादे मारले, आणि तीनच खेळ्यांत डाव संपला. घोडा डी४वर परत नेणे ही दुसरी उमेदवार चाल होती.

मारामारी जिथे थांबते तिथेच आपला हिशेबही थांबतो, ही चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे. उपाय एकच. मोजत गेलेल्या मार्गाच्या अखेरीस, जिथे ‘झाले, प्यादे मिळाले’ असे वाटते, तिथे मनात थांबायचे आणि त्या स्थितीत समोरच्याच्या उमेदवार चालींची नवी यादी करायची : त्याचे सगळे शह, त्याचे सगळे मार, त्याच्या धमक्या. बर्नस्टाइनच्या जागी हे केले तर वजीर बी२ यादीत येते.

सरावात दोन बदल कर. एक, उत्तराची पहिली चाल मोबाइलवर दाबण्यापूर्वी समोरच्याची निदान दोन उत्तरे आणि त्यांवरची तुझी चाल वहीत लिही. मोबाइल समोरच्याची एकच चाल दाखवतो, आणि बाकीच्या वाटा तू पाहिल्यास की नाही हे तो विचारत नाही. दोन, कोडे सुटल्यावर पट फिरवून हरणाऱ्या बाजूला बस आणि त्याआधीच्या खेळीवर काय खेळायला हवे होते ते शोध. स्पर्धेत उपयोगी पडतो तो मुख्यतः हा दुसरा सराव.

शंका : कोतोव यांच्या पुस्तकात सांगितले आहे की आधी सर्व उमेदवार चाली ठरवाव्यात, मग प्रत्येक फांदी एकदाच तपासावी, मागे फिरू नये. मी मुलांना तसे शिकवतो, पण कोणालाच ते जमत नाही. पद्धत चुकीची की आमचा सराव कमी?
— बुद्धिबळ शिक्षक, कोल्हापूर

समाधान : पद्धतीचा पहिला भाग मोलाचा आहे. दुसरा भाग माणसाच्या विचाराला फार घट्ट बसतो. त्यामुळे दोष मुलांचा नाही.

सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोतोव यांचे हे पुस्तक रशियनमध्ये १९७० साली आले आणि लगेच इंग्रजीत गेले. त्यात त्यांनी एका खेळाडूचे जे चित्र काढले आहे ते प्रत्येकाने अनुभवले असेल. तो एक चाल मोजतो, समाधान होत नाही. दुसरी मोजतो, तीही पसंत पडत नाही. पुन्हा पहिलीकडे येतो, पुन्हा दुसरीकडे जातो. घड्याळ धावते. शेवटी वेळ संपत आल्यावर तो तिसरीच, अजिबात न तपासलेली चाल खेळतो, आणि ती घोडचूक ठरते. यावर औषध म्हणून कोतोव यांनी उमेदवार चालींची यादी आणि फांद्यांचे झाड सुचवले.

पण मोठे खेळाडू प्रत्यक्षात कसा विचार करतात, हे डच मानसशास्त्रज्ञ अॅड्रियान डी ग्रूट यांनी त्याआधीच नोंदवले होते. त्यांचा प्रबंध १९४६चा आहे. आलेखिन, केरेस, ऑयवे, फाइन यांच्यासारख्या खेळाडूंपुढे अनोळखी स्थिती मांडून त्यांनी त्यांना मोठ्याने विचार करायला सांगितले. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार जास्त किंवा फार खोल चाली मोजतात असे नाही. त्यांच्या विचारात मुळात योग्य चाली येतात, हा खरा फरक. दुसरी गोष्ट, तेही एकाच चालीकडे पुन्हा पुन्हा परत येतात. मात्र प्रत्येक वेळी काहीतरी नवीन घेऊन येतात आणि आधीपेक्षा खोल जातात. पुढे जोनाथन टिस्डॉल, जॉन नन यांच्यासारख्या ग्रँडमास्टर लेखकांनीही ‘फांदी एकदाच’ या नियमावर आक्षेप घेतले.

मागच्या कोड्यातच त्याचे कारण आहे. वजीर बी१ ही चाल तपासताना दोन्ही राजे कोंडलेले आहेत हे कळते. ते कळल्यावरच वजीर बी२ सुचते. कळलेली गोष्ट दुसऱ्या फांदीवर नेण्यासाठी मागे फिरावेच लागते.

तेव्हा वर्गात असे सांगावे : यादी आधी, हे पक्के. यादीत तीन-चार चाली पुरेत. मधल्या डावात नियमाने शक्य अशा चाली साधारण तीस-पस्तीस असतात, त्या सगळ्या कोणी तोलत नाही. प्रत्येक चाल आधी दोन-तीन खेळ्या उथळ पाहावी आणि जी आशादायक वाटेल ती खोल मोजावी. अडले तर मागे फिरायला हरकत नाही, पण परत येताना मुलाला एक प्रश्न विचारावा : आता तुला असे काय कळले, जे मघाशी माहीत नव्हते? उत्तर असेल तर त्याने खुशाल परत यावे. नसेल तर तो नुसता गोल फिरतो आहे, आणि कोतोव यांचा इशारा त्याच्यासाठीच आहे.

शंका : आमच्या लहानपणी देशी डावात प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते मोहरे व्हायचे. आंतरराष्ट्रीय नियमाने हवे ते मोहरे घेता येते. मग वजीर मिळत असताना कोणी हत्ती का घ्यावा? की हा केवळ कोडे रचणाऱ्यांचा चमत्कार?
— निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

समाधान : आपला प्रश्न उमेदवार चालींच्या मुळाशी जातो. वजीर सर्वांत बलवान, म्हणून बाकीची तीन नावे आपण यादीत धरतच नाही. याचे उत्कृष्ट उदाहरण एका वृत्तपत्राच्या बुद्धिबळ सदरातूनच जन्मले.

१८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जी. ई. बार्बिए हे सदर चालवत. त्यांनी एक अंतिम स्थिती छापली आणि काळा बरोबरी साधतो असे उत्तर दिले. ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो सावेद्रा यांनी ते उत्तर तपासले आणि पांढरा जिंकतो हे दाखवून दिले. आज ती स्थिती अशी मांडतात : पांढरा राजा बी६, प्यादे सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. खेळी पांढऱ्याची.

१ सी७, हत्ती डी६ शह. आता राजाच्या प्रत्येक घराची तपासणी हवी. राजा बी७वर गेला तर हत्ती डी७वर येऊन प्यादे जखडतो आणि पुढे मारतो. राजा सी५वर गेला तर हत्ती डी१, आणि वजीर होताच हत्ती सी१ शह देऊन तो उचलतो. म्हणून २ राजा बी५. पुढे हत्ती डी५ शह, ३ राजा बी४, हत्ती डी४ शह, ४ राजा बी३, हत्ती डी३ शह, ५ राजा सी२. राजा डी पट्टीवरच्या शहांना चुकवत, सी पट्टी टाळत खाली उतरतो, आणि शह संपल्यावरच सी पट्टीत येतो.

इथे काळा ५...हत्ती डी४ खेळतो. ही त्याची शेवटची आणि फार सुंदर युक्ती. ६ सी८ वजीर केला तर ६...हत्ती सी४ शह! वजिराने हत्ती मारावाच लागतो. मग काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, बरोबरी. बार्बिए इथेच थांबले होते.

सावेद्रांनी विचारले, आणखी काय होऊ शकते? ६ सी८ हत्ती! आता हत्ती सी४ शहाला हत्तीने हत्ती मारला तर ए२चे घर काळ्या राजाला मोकळे राहते, म्हणून स्टेलमेट होत नाही. शिवाय पांढऱ्याची हत्ती ए८ने मातीची धमकी आहे. काळ्याला ६...हत्ती ए४ खेळावेच लागते. मग ७ राजा बी३! एकाच चालीत ए४च्या हत्तीवर हल्ला आणि हत्ती सी१ने मातीची धमकी. दोन्ही वाचवता येत नाहीत.

पटावर हत्तीला हत्ती, बळ अगदी समान, आणि तरी पांढऱ्याचा विजय. देशी नियमाने सी८वर उंट झाला असता आणि हा विजय शक्यच नव्हता. सावेद्रा नामवंत खेळाडू नव्हते, तरी त्यांचे नाव या एका चालीमुळे बुद्धिबळाच्या इतिहासात आहे. तेव्हा हा नुसता चमत्कार नव्हे. प्यादे शेवटच्या पट्टीत पोचले की चार उमेदवार असतात, एक नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा वजीरच घ्याल, पण समोरचा राजा कोंडीत असेल तेव्हा चारही नावे उच्चारून पाहा.

शंका : मुलगी दहा वर्षांची आहे. कोडे पाहिले की पाच सेकंदांत चाल करते. बरोबर आली तर खूश, चुकली तर लगेच दुसरे कोडे. तिला सबुरी कशी शिकवावी?
— एक पालक, मडगाव

समाधान : तिची झटपट नजर हे देणे आहे, ते मारू नका. पहिल्या क्षणी सुचलेली चाल तिला वहीत लिहू द्या, तीच तिची पहिली उमेदवार. मग हात पटापासून दूर ठेवून तिने आणखी दोन चाली लिहायच्या. प्रत्येकीसमोर समोरच्याचे सर्वांत त्रासदायक उत्तर एका ओळीत लिहायचे. यानंतरच चाल करायची. दिवसाला दोनच कोडी द्या, पण अशी पूर्ण लिहून. आणि गुण द्यायचे ते समोरच्याची चांगली चाल शोधल्याबद्दल. जिंकणारी चाल सापडल्याचा आनंद मुलांना आपोआप होतो, प्रतिस्पर्ध्याची चाल शोधण्याचा आनंद मात्र शिकवावा लागतो. आठवड्यातून एखादे कोडे असेही द्या, ज्यात बलिदान नाही, युक्ती नाही, साधी शांत चालच बरोबर आहे. प्रत्येक स्थितीत फटाका असतोच हा समज त्याने जातो.

पुढच्या वेळेसाठी कोडे : रिचर्ड रेटी यांची १९२१ची रचना. पांढरा : राजा एच८, प्यादे सी६. काळा : राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची, बरोबरी साधायची आहे. पांढरा राजा काळ्या प्याद्यामागे दोन पावले उशिरा आहे, आणि त्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या हाताशी आहे. उत्तर पाठवताना पहिली चाल तर लिहावीच, शिवाय दुसऱ्या खेळीवर काळ्याकडे असलेल्या दोन वेगळ्या वाटा, म्हणजे राजाने प्यादे गाठणे आणि स्वतःचे प्यादे दामटणे, या दोन्हींना पांढरा काय उत्तर देतो तेही लिहावे. दोन्ही वाटा लिहिलेले उत्तरच पूर्ण धरले जाईल.